यादीतली शेवटची ओळ

"माझा भाऊ खोटारडा आहे असं ते शुक्रवारी कागदावर लिहिणार आहेत," सिनेदू म्हणाली आणि बसली. बसा म्हणायची तिनं वाट पाहिली नाही.

येशीमबेटनं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "आज सोमवार. म्हणजे चार दिवस आहेत. कुठून सुरू झालं ते सांग."

देमिसेव खिडकीजवळच्या खुर्चीत सावरून बसला. एकतीस वर्षं पोलिसात काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ गेली पाच वर्षं येशीमबेटच्या हाताखाली होता. डोकं तिचं, पाय याचे, असा दोघांचा करार. येशीमबेट पूर्वी बँकेत संगणकांची तपासणी करायची. वरिष्ठाची चूक वरिष्ठालाच दाखवली, आणि अदिस अबाबात तेव्हापासून एका बँकेला तपासनीस कमी आणि शहराला एक गुप्तहेर जास्त झाला.

सिनेदूचा भाऊ आयलनेह कॉफी संशोधन संस्थेत होता. त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. कॉफीच्या पानाचा फोटो दाखवायचा, की पानावर तांबेरा पडलाय की नाही ते प्रोग्राम सांगायचा. शंभरातली एक्याण्णव पानं बरोबर. संस्थेनं तेव्हा त्याला हार घातले होते.

"आपल्या दोन हजार चौदा साली त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. सहा महिन्यांनी संस्थेनं त्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालवला, तर शंभरातली चाळीस पानं बरोबर आली."

"नाणं उडवलं असतं तर पन्नास तरी आली असती," येशीमबेट म्हणाली.

"तेच संस्थेची चौकशी समिती म्हणाली, एतिये. म्हणाली, एक्याण्णव हा आकडाच बनावट. आता शुक्रवारी तसं पत्र जाणार, की याचं संशोधन खोटं आहे, नाव काढून टाका."

"भाऊ काय म्हणतो?" देमिसेवनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"एकच शब्द म्हणायचा, गाशे. पागुमे." सिनेदूनं नाक पुसलं. वयानं मोठ्या बाईला एतिये आणि पुरुषाला गाशे म्हणायची तिची रीत होती. "समितीचं पहिलं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, त्या दिवसापासून. पागुमे, पागुमे. रात्रंदिवस. आईला वाटलं, वर्षाअखेरच्या पागुमेच्या पवित्र पावसात अंघोळ मागतोय. बरं वाटायचं असेल तर लोक घेतातच ना! मग देवदूत रुफाएलच्या सणाच्या दिवशी अंगणात बसवला त्याला. आम्ही दोघी बायका. तो जड. संस्थेतला वुबिशेत येतो दर रविवारी, त्यानंच पाठीवर घेऊन बाहेर नेला. देवमाणूस आहे."

"बरं वाटलं?"

"त्या दिवसापासून तो शब्दही बंद. वर्ष झालं. यंदाही नेला, तर हूं की चूं नाही. आई म्हणते, मागणं पुरं झालं."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. प्रोग्रामसोबत आयलनेहनं जोडलेली यादी होती. अकरा नावं एकाखाली एक, आणि तळाशी एक ओळ: 'सगळ्या – २०११.१३.४'.

"ही नावं कसली?" देमिसेवनं विचारलं.

"लायब्रऱ्या," येशीमबेट म्हणाली. "पुस्तकांच्या नव्हेत. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार सामान. प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही, हे उसनं घेतो. आणि या सामानाच्या दर दोन-चार महिन्यांनी नव्या आवृत्त्या निघतात. त्यांना व्हर्जन म्हणतात. कुठलं व्हर्जन घेतलं त्यावर सगळं असतं."

"मग तळाशी व्हर्जन लिहिलंय की!"

"समिती म्हणते, असं व्हर्जन जगात नाही," सिनेदू म्हणाली.

*

संस्थेचे संचालक डॉक्टर गिर्माचेव बारा वर्षं परदेशात राहून आले होते आणि ते विसरू देत नसत. त्यांच्या खोलीत एका प्रवासी कंपनीचं मोठं चित्र होतं. डोंगर, धबधबा आणि खाली मोठ्या अक्षरात 'या, तेरा महिने ऊन आहे'. डॉक्टरांची पाठ त्या चित्राकडे होती.

"मला आयलनेहबद्दल वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण जो माणूस अस्तित्वात नसलेलं व्हर्जन लिहून देतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? बरं, लवकर आटपा. दोन वाजता बैठक आहे."

"आपल्या घड्याळाचे दोन की परदेशी घड्याळाचे?" येशीमबेटनं विचारलं.

"बाईसाहेब, संस्थेत एकच घड्याळ आहे. वेळ, तारीख, वर्ष, सगळं जागतिक पद्धतीनं. घरी तुम्ही काय वाटेल ते मोजा."

"मला इथली मशीनं बघायची आहेत."

"खुशाल बघा. झाकण्यासारखं काही नाही."

असं म्हणणारा माणूस झाकतोच, असं देमिसेवचं एकतीस वर्षांचं मत होतं. त्यानं संचालकांच्या नावापुढे मनात खूण केली.

पुढच्या खोलीत ती खूण त्यानं खोडली आणि फिकिर्तेच्या नावापुढे केली. कारण फिकिर्ते आयलनेहच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि तो आजारी पडल्यावर तिनं तांबेरा ओळखणारा स्वतःचा प्रोग्राम काढला होता. शंभरातली चौऱ्याऐंशी.

"विचारा सरळ," ती म्हणाली. "सगळे मागून विचारतात, तुम्ही तोंडावर विचारा. चोरलं का? नाही. चोरलं असतं तर एक्याण्णव आले असते."

"मग त्याच्या प्रोग्रामचे एक्याण्णवाचे चाळीस कसे झाले?" देमिसेव म्हणाला. "कोणी मोडतोड केली असेल."

"काही मोडायला लागत नाही हो. गाशे, मिरचीची पूड कुठून आणता?"

"मेर्कातोच्या बाजारातल्या एका बाईकडून. बायको दुसरीकडे जाऊच देत नाही."

"उद्या ती बाई गेली, सून बसली. डबा तोच, चिठ्ठी तीच, पण पुडीत तिखट आणि मिठाचं माप उलटं. तुमच्या घरचं शिरोचं कालवण कसं लागेल? बायको तीच, हात तोच." तिनं पडद्यावर एका पानाचा फोटो काढला. पानावर नारिंगी ठिपके होते. "यातली फोटो वाचणारी लायब्ररी घ्या. जुनी रंग वाचायची ते तांबडा, हिरवा, निळा. नवी वाचते निळा, हिरवा, तांबडा. नाव तेच." तिनं एक कळ दाबली. ठिपके निळे झाले. "प्रोग्रामला शिकवलंय तांबडा डाग शोध. तो निळ्यात काय डोंबल शोधणार? आणि तक्रारही करत नाही. गुमान चालतो आणि चुकीचं सांगतो."

"समितीला सांगितलंस?" येशीमबेटनं विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, मग बरोबर व्हर्जन कुठलं ते सांग. मला कुठं ठाऊक? मशीनचं काम वुबिशेतकडे."

"तुझ्या मशीनवर कुठली आहेत?"

"माझी गोधडी आहे. एक तुकडा इथला, एक तिथला. लावून बघायचं, चाललं तर ठेवायचं, नाहीतर दुसरं. सगळे असंच करतात."

वुबिशेत मशीनघराच्या दारातच उभा होता. रुंद खांदे, मऊ आवाज. त्यानं दोघांना चहा दिला. साखर विचारून घातली.

"दोन महिने मी एकेक व्हर्जन लावून पाहिलं, एतिये," तो म्हणाला. "एकेक. काही लायब्रऱ्यांना वर्षाचा आकडा असतो, म्हणून २०११पासून शोधलं. त्या साली तर यातल्या निम्म्या जन्मल्याही नव्हत्या. शेवटी समितीला लिहून दिलं की असं व्हर्जन नाही. सही करवत नव्हती, पण केली."

"हे कधीचं?"

"पावसाळ्याच्या सुरुवातीचं. गेल्या वर्षी जूनमधलं."

"त्यानंतर पुन्हा पाहिलं?"

"नाही. पुन्हा त्या प्रोग्रामला हात लावायची छाती झाली नाही. त्याच्या घरी जातो तेवढं. माझ्यानं होतं तेवढं करतो."

देमिसेवला त्याची कणव आली. त्याच्या नावापुढे त्यानं खूण केलीच नाही.

येशीमबेट दोन तास मशीनांपुढे बसली. उठली तेव्हा तिच्या हातात दोन याद्या होत्या. उतरताना तिनं त्या देमिसेवला दिल्या. पहिली फिकिर्तेच्या मशीनची. अकरा लायब्रऱ्या आणि प्रत्येकीचं वापरलेलं व्हर्जन कधी निघालं ती तारीख, डॉक्टरांच्या जागतिक पद्धतीनं. कुठलं २०१७चं, कुठलं २०१८चं, दोन तर २०२१ची. दुसरी वुबिशेतच्या मशीनमधल्या एका फोल्डरची. अकराच्या अकरा २०१९ किंवा त्याआधीची. सगळ्यात उशिराची सहा सप्टेंबर २०१९ची. त्यातल्या तिघींची नवी व्हर्जनं पुढच्या आठवडाभरातच निघाली होती, ती घेतली नव्हती. खाली लिहिलं होतं: 'फोल्डर केला ९ सप्टेंबर २०२२'.

"म्हणजे बिचाऱ्यानं खरंच खटपट केली होती," देमिसेव म्हणाला.

"खटपट फिकिर्तेनं केली," येशीमबेट म्हणाली.

*

शहरातल्या कोल्फे भागात चढावर सिनेदूचं घर होतं. आयलनेह खिडकीजवळच्या खाटेवर होता. गालफडं बसलेली, पण डोळे टक्क जागे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येतं, कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. देमिसेवनं आयुष्यात बरीच प्रेतं पाहिली होती. हे बघवेना.

"आई, पहिल्यांदा पावसात बसवलं तो दिवस रुफाएलचाच ना? पागुमेचा तिसरा?" येशीमबेटनं विचारलं.

"तोच. वुबिशेतनं पाठीवर घेतला. देव त्याचं भलं करो."

वुबिशेतचं नाव निघालं तसं आयलनेहनं डोळे मिटले.

"असंच करतो," आई म्हणाली. "तो आला की डोळे मिटून घेतो. दमतो बिचारा."

बाहेर आल्यावर येशीमबेट गल्लीत थांबली. "गाशे, गुरुवारी सगळ्यांना इथं बोलवा. डॉक्टर, फिकिर्ते, वुबिशेत."

"संस्थेत का नाही?"

"कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो इथं आहे."

*

गुरुवारी दुपारी त्या लहान खोलीत सगळे दाटीनं बसले. आईनं कॉफी केली होती. खाटेसमोरच्या मोड्यावर फिकिर्तेचा लॅपटॉप होता. डॉक्टर गिर्माचेव दोनदा घड्याळ बघून झाले होते.

"मला एकच ओळ वाचायची आहे," येशीमबेट म्हणाली. "सगळ्या, २०११.१३.४. तुम्ही सगळ्यांनी ती वाचलीत. नावांच्या यादीखाली आकडे आणि टिंबं दिसली, म्हणून व्हर्जन म्हटलंत. अकरा निरनिराळ्या लायब्रऱ्या. निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या देशांत लिहिलेल्या. सगळ्यांचं व्हर्जन एकच कसं असेल? हे कोणी विचारलं नाही."

"मग काय आहे ते?" डॉक्टर म्हणाले.

"वर्ष दोन हजार अकरा. महिना तेरावा. दिवस चौथा."

फिकिर्तेनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! पागुमे!"

"पागुमेचा चौथा. आपलं पंचांग जागतिक पंचांगाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, म्हणजे तुमच्या हिशेबानं, डॉक्टर, नऊ सप्टेंबर २०१९. आयलनेहनं अकरा व्हर्जनं लिहीत बसायचा कंटाळा केला. सगळ्या लायब्रऱ्या त्या दिवशी जशा होत्या तशा घ्या, एवढंच लिहिलं. आपल्या माणसांसाठी आपल्या तारखेनं लिहिलं. तेरा महिने तुमच्या भिंतीवर छापलेले आहेत, तुम्ही त्याकडे पाठ करून बसता. संगणकापुढे बसताना आपण आपलं पंचांग चर्चबाहेरच्या जोड्यांसारखं दारात काढून ठेवतो. मग एक माणूस जोडे घालून आत आला, तर त्यालाच वेडा ठरवतो."

तिनं फिकिर्तेला खूण केली. फिकिर्तेनं त्या दिवशीच्या अकरा लायब्रऱ्या लावून ठेवल्या होत्या. प्रोग्राम सुरू झाला. पानं एकामागून एक सरकत गेली, ठिपके या वेळी तांबडेच राहिले. पडद्यावर शेवटी आकडा आला. एक्याण्णव.

सिनेदूनं तोंडावर ओढणी धरली. आयलनेहची नजर आकड्यावर नव्हती. ती दाराजवळ बसलेल्या माणसावर होती.

"आणि हे एकाला वर्षभरापूर्वीच कळलं होतं," येशीमबेट म्हणाली. "वुबिशेत, तू म्हणालास, जूननंतर हात लावला नाही. तुझ्या मशीनमधला फोल्डर सप्टेंबरचा आहे. तू म्हणालास, एकेक लावून पाहिलं. एकेक लावणाऱ्याची गोधडी होते, फिकिर्तेसारखी. एक लायब्ररी इथं थांबते, एक तिथं. तुझ्या अकराच्या अकरा एकाच दिवसापाशी थांबतात. चार दिवसांनी निघालेलं व्हर्जनही तू घेतलं नाहीस. चाचपडणारा माणूस असा एका रेषेवर थांबत नाही. ज्याला दिवस ठाऊक आहे तोच थांबतो. आणि फोल्डर केलास तो नऊ सप्टेंबर २०२२. म्हणजे पागुमेचा चौथा. रुफाएलच्या दुसऱ्या दिवशी."

वुबिशेतच्या हातात कप होता. त्यानं तो खाली ठेवला.

"पाठीवर होता माझ्या," तो म्हणाला. "कानाशी तोंड होतं. पागुमे म्हणाला. मी थांबलो. मान वळवून बघितलं त्याच्याकडे, आणि कळलं मला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तरी गेलो. लावलं. एक्याण्णव आले."

"मग सांगितलं का नाहीस?" फिकिर्ते ओरडली.

"सही माझी होती! माझ्या कागदावर समितीनं निकाल दिला होता. वाटलं, नवं वर्ष होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, आता विचारतील इतके दिवस का गप्प होतास. जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं. म्हणून दर रविवारी यायचो."

"सांगायला?"

"उचलायला," वुबिशेत खाली बघत म्हणाला.

येशीमबेट सिनेदूकडे वळली. तिचा आवाज उतरला होता. "शब्द बंद का झाला, ते तुला कळायला हवं. मागणं पुरं झालं नव्हतं. निरोप पोचला होता. त्यानं वुबिशेतची मान वळलेली पाहिली. याला कळलं हे त्याला कळलं. मग ओरडायचं कशाला? तो वाट बघत राहिला. प्रत्येक रविवारी."

"आणि आम्ही?" सिनेदू म्हणाली. "आम्ही घरची माणसं. रात्रंदिवस आमच्या तोंडावर सांगत होता. आणि आम्ही त्याला थंडगार पावसात नेऊन बसवला. दात वाजत होते त्याचे. आम्ही म्हणत होतो, पुण्य लागतंय."

येशीमबेटनं यादीचा कागद घडी घालून तिच्या हाती परत दिला.

डॉक्टर गिर्माचेव खाकरले. "उद्याचं पत्र अर्थातच जाणार नाही. दुसरं पत्र काढू. तांत्रिक विसंगतीमुळे पूर्वीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे."

"आणि चूक कोणाची?" सिनेदूनं विचारलं.

"अशा पत्रांत चूक कोणाची ते लिहीत नसतात."

"खोटारडा लिहिताना मात्र नाव लिहिणार होता."

डॉक्टर उठले. त्यांना बैठक होती. फिकिर्ते त्यांच्यामागून गेली नाही. तिनं लॅपटॉप आयलनेहच्या आणखी जवळ सरकवला आणि ओल्या डोळ्यांनी त्याच्या उशाशी बसली.

वुबिशेत खाटेपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. कपाळ त्यानं खाटेच्या कडेला टेकलं.

आई गोंधळली होती. व्हर्जन, फोल्डर, तिला काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं, की दर रविवारी येणारा पोरगा आपल्या मुलाच्या पायाशी पडलाय आणि आपला मुलगा त्याच्याकडे बघत नाही. अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. अपराधी गुडघ्यांवर आला, की खोलीतल्या वडीलधाऱ्या पुरुषानं उठायचं, दोघांमध्ये उभं राहायचं आणि म्हणायचं, माझ्या पांढऱ्या केसांसाठी माफ कर. मग नाही म्हणता येत नाही. माणसाला वाचा नसेल, तर वडीलधारा त्याचा हात धरून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि झालं.

"गाशे," ती देमिसेवला म्हणाली. "उठा ना. सांगा तुम्ही."

देमिसेवनं असे शेकडो तंटे मिटवले होते. चौकीत, अंगणात, दफनभूमीत. नवऱ्यांना बायकांच्या पाया पाडलं होतं, भावाभावांना मिठ्या मारायला लावल्या होत्या. त्या बदल्यात लोकांनी त्याला भला माणूस म्हटलं होतं, आणि त्यातल्या किती जणांना खरं म्हणजे माफ करायचं नव्हतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यानं आधी खाटेकडे बघितलं. आयलनेह त्याच्याकडेच बघत होता. त्याचा एकमेव चालता हात, डावा, त्यानं पांघरुणाखाली ओढून घेतला होता.

"गाशे, उठा," आई पुन्हा म्हणाली. "वडीलधारे आहात तुम्ही."

देमिसेवला मंद म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. पण एवढं त्याला कळलं.

"नाही, आई," तो म्हणाला, आणि खुर्चीतून उठला नाही.